सोवळ्याचं पाणी

पवित्रानं घागर कठड्यावर टेकवली आणि पाणी विहिरीच्या भिंतीला लागून हळूहळू सोडलं. मधोमध ओतलं तर खाली आवाज होतो, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. भिंतीवरून गेलं की पाणी गुपचूप उतरतं. मात्र अर्धं दगडांच्या सांध्यांतच मुरतं आणि बाकीच्यातलं बरंच तळाचा गाळ ओढून घेतो. विहीर आधी स्वतः पिते. उरलं तर देते.

तिसरी घागर रिकामी होते न होते तोच आत सिद्धी रडायला लागली. चौथी घागर पवित्रानं मागच्या अंगणातल्या जात्याआड सरकवली, वर परात पालथी घातली. ती उद्यासाठी. काल नळ आलाच नव्हता. आज आला तोही करंगळीएवढा, आणि सूं सूं करत गेला. पिंपाच्या तळाशी जेमतेम वीतभर पाणी होतं. त्यात स्वयंपाक, भांडी आणि आठ महिन्यांची लेक. सिद्धीच्या मांड्यांत पुरळ उठलं होतं. काल तिला ओल्या फडक्यानं पुसलं होतं, परवाही तसंच.

मागच्या दाराची कडी लावताना पवित्रानं सवयीनं श्वास धरला. पण कडी कुरकुरली नाही. आठवडा झाला, कुरकुरत नव्हती. देवाची कृपा, म्हणून तिनं सोडून दिलं होतं.

राजाजीनगरातल्या या जुन्या घरात कावेरीच्या पाण्याचा नळ होता, गल्लीत टँकरही यायचा. पण तिचे सासरे भीमाचार्य स्नानाला, पूजेला आणि स्वतःच्या हातानं शिजवायच्या भाताला या विहिरीचंच पाणी घेत. मागच्या वर्षी गाळ काढण्यासाठी विहीर उपसली, तेव्हा ती पुन्हा पाझरेपर्यंत ते अन्नाला शिवले नाहीत, आणि शेवटी मोरीत कोसळले. साखरेच्या रोग्याला पुन्हा असा उपास घडला तर मला बोलावू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. यंदा संक्रांत झाली आणि विहीर आटली. पवित्रानं नवऱ्याला फोन केला. सुधींद्र हैदराबादला होता. “अप्पांना सांगू नकोस,” तो म्हणाला, “मी आलो की बघू.” तो यायचा, झोपायचा, जायचा.

सिद्धीला पदराखाली घेऊन ती बसली, तेवढ्यात फाटक वाजलं.

“काकाजी, आहात का? भूजलवाली आली.”

पवित्रा सिद्धीला घेऊन तशीच उठली. सरकारच्या भूजल खात्यातली नीलिमा वर्षातून चारदा या विहिरीचं पाणी मोजायला येते. कठड्यावर पिवळ्या रंगात नंबर घातलेला होता. रोज त्या नंबरावरून ती घागर टेकवत होती, आणि ही बाई यायची आहे हेच तिच्या डोक्यातून गेलं होतं.

“या बाई,” भीमाचार्य ओल्या पंच्यातच बाहेर आले. “नागपूरचं ऊन घेऊन आलात वाटतं.”

“आमचं ऊन तिकडेच ठेवून आले, काकाजी. हे तुमच्या गावचं.”

“आमच्या गावचं असतं तर स्वल्प तरी लाजलं असतं.”

नीलिमा हसली. तिनं टेपचं रीळ काढून टोक विहिरीत सोडलं. पाण्याला टेकलं की ते वाजतं. पवित्रा सिद्धीला कडेवर घेऊन दारात उभी होती. टेप जात राहिली, जात राहिली, आणि खालून बारीक आवाज आला.

“बाप्पा,” नीलिमा म्हणाली. “जानेवारीपेक्षा वर?”

एरवी भीमाचार्यांनी लगेच आपल्या वडिलांनी विहीर कशी खणली ते सांगायला घेतलं असतं. आज ते पोहऱ्याची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिले.

नीलिमानं बाटली सोडून थोडं पाणी वर काढलं. पाण्यातला क्षार सांगणारं पेनाएवढं यंत्र त्यात बुडवलं, पाहिलं, पुसून पुन्हा बुडवलं. मग बाटली नाकाशी नेली. तिची नजर फरशीवर गेली. मागच्या दारापासून कठड्यापर्यंत थेंबांची रांग अजून वाळलेली नव्हती.

“ताई, तांब्याभर पाणी द्याल? नळाचं.”

ती पाठोपाठ स्वयंपाकघरातच आली. तांब्या घेतला, पण प्यायली नाही. यंत्र त्यात बुडवून तिनं पवित्रासमोर धरलं. विहिरीच्या बाटलीतही तेच यंत्र तिच्यासमोर धरलं. आकडा जवळजवळ तोच होता.

“तुमच्या विहिरीचं पाणी जड असते. डाळ शिजत नाही त्यात. हे तर कावेरीचं आहे, औषधाचा वास पण गेला नाही. कधीपासून ओतून राहिल्या?”

पवित्रानं सिद्धीला दुसऱ्या कडेवर घेतलं. “संक्रांतीपासून.”

“घरात एवढं लेकरू आहे, अन् तुम्ही...” नीलिमानं यंत्र पुसलं.

“ताई, एवढ्या वेळी टेप दाखवते तसं लिहा. पाऊस आला की भरेल ती.”

“आजूबाजूच्या सगळ्या बोअर कोरड्या पडल्या. ही एकटी वर दाखवली, की मागच्या अपार्टमेंटला नवीन बोअरची परवानगी मिळून जाईल. खाली तर पाणीच नाही. तिथंही लेकरं असतील ना?”

पवित्राला मागचं अपार्टमेंट दिसत होतं. बाल्कन्यांत वाळत घातलेली लहान लहान झबली दिसत होती. तरीही ती म्हणाली,

“तुम्ही कोरडी म्हणालात की ते आज जेवणार नाहीत. उद्याही नाही. मला एवढंच कळतं.” आवाज चढू नये म्हणून तिनं ओट्याची कड धरली होती. “इथं मी एकटी असते. त्यांना उचलायलाही कुणी नाही.”

सिद्धी कुरकुरत मांडी खाजवत होती. नीलिमानं तिचं इवलंसं मनगट धरून बाजूला केलं, पुरळ पाहिलं, आणि बाहेर गेली.

खिडकीतून विहीर दिसायची, ऐकू काही यायचं नाही. पवित्रा गजांना टेकून उभी राहिली. आता बाई सांगेल. आता ते कठड्यावर बसतील, मग आत येऊन देवघराचं दार लावून घेतील. डॉक्टरांचा नंबर कुठं लिहिलाय ते ती आठवू लागली. सुधींद्रला फोन केला तर तो म्हणेल, मी आलो की बघू.

पण तिकडे बोलत मामंजीच होते. बाई ऐकत होती. एकदा तिनं मान हलवून नाही म्हटलं. मामंजी पुन्हा बोलले, हात न हलवता, विहिरीकडे बघत. मग बाईनं चष्मा काढून ओढणीनं पुसला आणि बराच वेळ पुसत राहिली.

“पवित्रा!” भीमाचार्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली. “ऐकलंस का? या विहिरीतून आता पाणी काढायचं नाही. सरकारी काम आहे म्हणे. नुसती मोजायला ठेवायची.”

पवित्रा दारात आली. तिनं नीलिमाकडे पाहिलं. नीलिमा टेप गुंडाळत होती.

“हो,” ती रिळाकडे बघत म्हणाली. “पाणी काढलं की आकडा बिघडतो.”

“कधीपासून?”

“आजपासून,” दोघंही एकदमच म्हणाले.

नीलिमानं फोनवर एकच शब्द टिपला आणि पिशवी खांद्याला लावली. कोणता, ते पवित्रानं विचारलं नाही. फाटकाशी जाऊन बाई क्षणभर थांबली, सिद्धीच्या गालाला बोट लावलं, आणि उन्हात निघून गेली.

“मग पूजेचं, मामंजी?”

“सरकारपुढं आपलं काय चालतं?” भीमाचार्य दोरावरून पोहरा सोडवत होते. गाठ सुटायला वेळ लागत होता. “नळाचं दे. रोज कलशात सात नद्यांना बोलावतो, त्यात कावेरी शेवटची. साठ वर्षं नाव घेऊन बोलावतोय. आता दाराशी आली तर नको कशी म्हणू?”

“पण पिंपात...”

“मला एक तांब्या पुरे.” पोहरा त्यांनी कठड्यावर पालथा ठेवला. “आणि जात्यामागं ठेवलीयस ती घागर घे. पोरीला आधी न्हाऊ घाल. सरी?”

कानडीत ‘बरं?’ असं विचारून ते मागं न बघता आत गेले.

पवित्रा तिथंच उभी राहिली. मग जात्याजवळ वाकली, परात काढली, घागर कमरेवर घेतली. उद्याला आता काहीच उरणार नव्हतं. नळ येईल की नाही, कुणाला ठाऊक. मागच्या दारातून आत येताना तिचं बोट कडीला लागलं आणि घसरलं. तिनं बोट नाकाशी नेलं. तिळाचं तेल. देवघरातल्या समईत घालतात ते.

मोरीत सिद्धीला मांडीवर आडवी घेऊन तिनं तांब्या भरला. देवघरातून मामंजींचा आवाज येऊ लागला. गंगा झाली, यमुना झाली, गोदावरी, सरस्वती. नर्मदा, सिंधू. सिंधूपाशी आवाज थांबला.

पवित्राचा हातही तांब्यासकट वर थांबला. सिद्धी डोळे मोठे करून तांब्याकडे बघत राहिली.

मग आतून शेवटचं नाव आलं, आणि तिनं लेकीच्या अंगावर हळूहळू पाणी सोडलं.