लाल पेन्सिलीचं शेपूट

चाळिशी उलटल्यावर मी राहिलेली पदवी पुरी करायला घेतली आणि इंटिग्रेशनची वही बाबांकडे तपासायला देऊ लागले. ते माझ्या पायऱ्या बघतच नसत. उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढायचं आणि मूळ गणित परत आलं की खूण करायची, ही त्यांची पद्धत. उत्तराच्या शेवटी ‘+ C’ हा स्थिरांक लिहायला मात्र मी हमखास विसरायचे. मग लाल पेन्सिलीने तो जोडत ते म्हणायचे, "बाईसाहेब, शेपूट कुठे विसरलात?"

ते आजारी पडले तोवर माझी चूक सुधारली होती. तरी ते वाक्य ऐकायला मिळावं म्हणून मी स्थिरांक मुद्दाम गाळत राहिले.

शेवटच्या आठवड्यात मी त्यांना सहा गणितं दिली. त्यांनी वही बराच वेळ न्याहाळली आणि सहाही उत्तरांवर खुणा केल्या.

"शाब्बास! सुधारलीस एकदाची."

"बाबा, पुन्हा एकदा बघा ना. नीट बघा."

त्यांनी पुन्हा बघितलं, माझ्यासाठी.

"सगळं बरोबर आहे गं. रडतेस कशाला?"

ती वही माझ्या टेबलावर आहे. ते सहा स्थिरांक मी अजून लिहिलेले नाहीत.