हेमाक्काची धाकटी

"सांगा, हा आवाज कोणाचा?"

भूपेंद्र सरांनी लॅपटॉपवर बोट ठेवलं आणि खोलीत आवाज घुमला, 'नमस्कार भाऊ, मी हेमलता. पाणी कुठे अडलंय, सांगा बरं.'

"हेमाक्काचा!" सगळे एका सुरात ओरडले.

"चूक," सर म्हणाले.

सगळे हसले, आणि हेमलताबाई तर पदराआड हसल्या. त्यांना गुपित ठाऊक होतं. ठिबक सिंचनाच्या नळ्या बनवणाऱ्या त्या जळगावच्या कंपनीत त्या हेल्पलाइनवर केस पांढरे होईपर्यंत बसल्या होत्या. मागच्या वर्षी कंपनीने त्यांचा आवाज यंत्राला शिकवला. तेव्हापासून निम्मे फोन यंत्र घ्यायचं आणि ऑफिसात त्याला 'अक्काची धाकटी' म्हणायचे. धाकटीला ना चहा लागे, ना रजा. बाईंना तिचं कौतुकच होतं.

आता नवे नियम आले होते, म्हणून हे प्रशिक्षण. भूपेंद्र सर वयाने बाईंपेक्षा बरेच लहान, पण सांगत होते ते नीट. यंत्र बोलत असेल तर आधी तसं सांगायचं. त्याचं बोलणं माणसाने तपासायचं. आणि ज्यांना आजवर सांगितलं नाही, त्यांना माणसाने फोन करून कळवायचं.

"प्रत्येकाने आपला एक जुना ग्राहक निवडा," सर म्हणाले.

बाईंनी लगेच सुकलालभाऊ निवडले. शिरपूरकडचे, सातपुड्याच्या पायथ्याचे. त्यांच्या लेकीच्या, सरिताच्या लग्नाची पत्रिका बाईंच्या पर्समध्येच होती. सुकलालला बहीण नव्हती. भर उन्हाळ्यात नळ्या तुंबल्या आणि कपाशी माना टाकू लागली, तेव्हा हेमाक्काने फोनवर धीर दिला, म्हणून हळदीला फुईचा, म्हणजे आत्याचा, मान त्याने हेमाक्कालाच दिला होता. बाईंना भाऊ नव्हता. लग्न केलं नाही, त्यामुळे सासरचा गोतावळाही नाही. पत्रिका आली त्याच संध्याकाळी त्या फुले मार्केटात गेल्या आणि लिंबू रंगाची साडी घेऊन आल्या. दिवसभरात एवढे फोन, त्यातला हा नेमका कोणता, हे काही त्यांना आठवत नव्हतं. पण आपणच बोललो असणार, याबद्दल शंका नव्हती.

त्यांनी सुकलालचा जुना कॉल लावला. बाजूला पडद्यावर स्पष्ट होतं, बोलणारे: यंत्र.

'घाबरू नका भाऊ. पाणी सुरू होईपर्यंत मी फोन ठेवत नाही,' धाकटी म्हणत होती. आणि खरंच ठेवला नव्हता. बाई ऐकत राहिल्या. आपण असतो तर म्हणालो असतो, भाऊ, लाइनवर दुसरे थांबलेत. त्यांना फार वाईट वाटलं. लिंबू रंगाची साडी डोळ्यांसमोर आली.

"दुसरा ग्राहक घ्या हवं तर," भूपेंद्र सर हळूच म्हणाले.

"नको. हाच घेते." त्यांनी नंबर लावला.

"अक्का! पत्रिका भेटनी ना?" पलीकडे मांडवाच्या बल्ल्या ठोकल्याचा आवाज येत होता. "हयदले लवकर येजो. फुई बिगर हयद लागत नही."

"भाऊ, एक सांगायचंय. त्या दिवशी तुमच्याशी मी बोलले नव्हते. आवाज माझा होता, पण बोलत होतं ते मशीन."

"मशीन?"

"हो."

"मंग 'घाबरू नका भाऊ' अशी कोन बोली ऱ्हायंती?"

"तेच."

ठोकाठोक चालूच होती. "बरं," सुकलाल म्हणाला आणि फोन बंद झाला.

त्या रात्री बाईंनी साडी घडी न मोडता कपाटात खाली ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी धाकटीचे फोन तपासायचं काम त्यांच्याकडेच आलं. त्यांनी हेडफोन चढवला. तिसराच कॉल सुकलालचा निघाला.

'नमस्कार. मी यंत्र आहे, हेमलताबाईंच्या आवाजात बोलते आहे. माणसाशी बोलायचं असेल तर तसं सांगा.'

"नही, तुनासंगेच बोलनं शे," सुकलाल म्हणाला. "काल माले काही सुचनं नही, मी फोन ठेयी दिना. आते अक्कासंगे बोलानी लाज वाटस. तून मनं पीक वाचाडं, ते खरं. पन तू मशीन शे, हाई तून सांगं नही. अक्कानी सोता फोन करीसन सांगं. असं बहीणच सांगस. तिले निरोप दे, हयद रविवारले शे. आमी वाट पाही ऱ्हायनूत."

'निरोप नोंदवला आहे, भाऊ. आणखी काही मदत करू?'

"नही माय. तुले बी बलावतू, पन तू जेवशी काय?"

'माफ करा, मला समजलं नाही.'

सुकलाल हसला आणि फोन ठेवला. कॉल सकाळचा होता, कधीच संपलेला. तरी हेमलताबाईंनी हेडफोनचा माइक तोंडाजवळ ओढला.

"येते, भाऊ," त्या म्हणाल्या.