सुल्माचं नाक

"माझ्या मामाचे डोळे उघडा म्हटलं होतं, दोन्या कासिल्दा. हे तर कोणी चिमटा काढल्यासारखे वटारलेत!"

"तुझ्या मामाने उभ्या जन्मात फोटोत डोळे उघडे ठेवले नाहीत, त्याला मी काय करू? हे डोळे त्याच्या भावाचे काढून लावलेत. घराण्यातलेच आहेत. घे आणि चल."

पुनाता गावच्या मंगळवारच्या बाजारात, बटाट्यांच्या राशी संपून प्लास्टिकच्या बादल्या सुरू होतात तिथे कासिल्दा रोकाबादोची, सगळ्यांच्या 'दोन्या' म्हणजे बाईंची, टपरी होती. एक टेबल, एक छोटा प्रिंटर, वर निळी ताडपत्री आणि कोपऱ्यात काच तडकलेला एक मोबाइल. मागे पुठ्ठ्याची पाटी: 'फोटो सुधारून मिळतील. चमत्कार होत नाहीत.' पाटीचा पहिला भाग सगळे वाचत, दुसरा कोणीच वाचत नसे.

तिचे वडील चर्चसमोरच्या चौकात लाकडी पेटीच्या कॅमेऱ्याने फोटो काढत. लहानपणी ती त्यांच्याशेजारी बसून टोकदार पेन्सिलीने लोकांच्या चेहऱ्यावरचे वण बुजवायची. पेटी गेली, स्टुडिओ आला. स्टुडिओ बसला, मोबाइल आला. मागण्या मात्र त्याच राहिल्या. गोरं करा. बारीक करा. नवऱ्याला काढा. मागे एकीने बाप्तिस्म्याच्या फोटोतून नवरा काढून घेतला होता. आज सकाळी तीच 'आता आमचं जुळलंय, परत घाला' म्हणत टपरीसमोर उभी होती. कासिल्दाने कपाळावर हात मारून घेतला आणि नवरा परत घातला. तिचं तोंड फटकळ होतं, पण हात असा होता की लोक शिव्या खाऊनही तिच्याकडेच येत.

मामा मार्गी लागला तशी रांगेतून एक म्हातारी पुढे आली. दोन वेण्या, डोक्यावर उंच पांढरी हॅट, पायघोळ झग्याला रस्त्याचा चिखल. इलारिया तिचं नाव; डोंगराकडच्या वाडीतून मक्याचं पीठ विकायला यायची.

"धाकट्याचं लग्न झालं, कासेरा," ती म्हणाली. बाजारात सगळ्याच एकमेकींना कासेरा म्हणतात, घेणारीही आणि विकणारीही. "हा फोटो. यात माझी सुल्मा घालायची. ती तिकडे बेर्गामोत असते, इटलीत. म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करते. तिला येता नाही आलं."

"तिचा फोटो आहे?"

"पाठवलाय ना तिनं." इलारियाने पदराच्या गाठीतून काढावा तसा छातीशी धरलेला मोबाइल पुढे केला.

कासिल्दाने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि तिला सुस्कारा आवरेना. बशीएवढे डोळे, चिमटीत धरून ओढल्यासारखं नाक, रंध्राचा मागमूस नसलेली, चिनीमातीच्या कपासारखी कातडी. कंबर इतकी आत घेतली होती की मागच्या दाराची चौकटही तिच्याबरोबर आत वाकली होती.

"बाई गं, हिने दारसुद्धा बारीक केलंय."

"तेच म्हणते मी," इलारिया म्हणाली. "ही माझी पोर नाही. हिचं नाक बघा. सुल्माचं नाक तिच्या बापाचं आहे, असं पसरट, चांगलं. आमचा माणूस गेला, आता नाक तेवढं राहिलंय. ते कुठं गेलं?"

"मोबाइलने खाल्लं."

"मग काढा की बाहेर."

"अहो, ही काय पावडर आहे पुसून टाकायला? यंत्र एकदा चेहरा घासतं ना, की खालचा राहतच नाही. आहे त्याच्यावर चढवता येतं, गेलेलं परत आणता येत नाही. दुसरा फोटो द्या. जुना. मोबाइलच्या आधीचा."

इलारियाकडे एकच होता. सुल्मा जाण्याआधी कागदपत्रांसाठी काढलेला, अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा. कासिल्दाने टेबलावर ठेवून त्याचा फोटो घेतला. मग चष्मा नाकावर ढकलला आणि कामाला लागली.

आधी सुल्माला तिच्या भिंतीपासून सोडवायचं. केसांची कड बोटाने हळूहळू खोडायची. घाई केली की माणूस कात्रीने कापल्यासारखा दिसतो. जुन्या फोटोतले डोळे, गाल आणि नाक वेगळ्या थरावर आणून नव्या चेहऱ्यावर बसवायचं, ओठावरचा तीळ परत लावायचा. मग उजेड. लग्नाचा फोटो दुपारच्या पिवळ्या उन्हातला, आणि पोरीचा कुठल्यातरी न्हाणीघरातल्या निळ्या दिव्याखालचा. तिला ऊब द्यावी लागली, गालावर डावीकडून ऊन ओतावं लागलं. पायाखाली सावलीही दिली, कारण सावली नसली तर पाहुणा हवेत तरंगतो. तिला उभं करायला जागा म्हणून नवरीच्या आत्याला हातभर बाजूला सरकवलं.

रांगेतून कोणीतरी ओरडलं, "दोन्या कासिल्दा, आज होणार का उद्या?"

"तुझं तर पुढच्या जन्मी!"

फोटो तयार झाला. इलारियाने तो पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. कासिल्दाच्या मात्र मनास येईना. सुल्मा आता धाकट्या भावाच्या शेजारी त्याच्याहून लहान दिसत होती. भाऊ लग्नाचा झाला होता. ही अजून विशीतच, कागदपत्रांच्या फोटोत अडकलेली. पण गिऱ्हाईक खूश होतं. तिने प्रिंटर चालू केला. इलारियाने कौतुकाने तो फोटो तिथल्या तिथे लेकीला पाठवूनही दिला.

प्रिंटर गरम होईपर्यंत इलारियाचा मोबाइल वाजला.

"आई, ही कोण आहे?" आवाज इतका चढा होता की शेजारची बादलीवालीही वळून बघायला लागली. "हे कोणी केलं? मी एवढा चांगला फोटो पाठवला होता! कापून टाक मला त्यातून. सगळी वाडी बघेल!"

"बघू दे की. माझी पोर आहे. कोण ती चिनीमातीची बाई पाठवली होतीस तू?"

"आजकाल सगळेच तसे फोटो काढतात, आई!"

"तुझ्या बापाचं नाक होतं त्याच्यात?"

"तुला नाकाशिवाय काही सुचत नाही का?"

"द्या इकडे," कासिल्दाने मोबाइल हिसकावलाच. "हे बघ पोरी, मी कासिल्दा, फोटोवाली. सकाळपासून एकीचा नवरा परत घातला, एकाच्या मामाचे डोळे उघडले. आता आईला नाक हवंय आणि लेकीला नकोय. मी नाकांचं दुकान मांडलंय का? तू आत्ता दिसतेस कशी, तेवढं दाखव. कॅमेरा चालू कर."

"नाही मावशी. मी कामावर आहे."

"मग फोनवर भांडायला बरी सुट्टी मिळाली! चालू कर म्हणते ना."

मग पडदा उजळला.

जिन्याच्या पायरीवर एक बाई बसली होती. अंगात फिकट निळा झगा, केस मागे आवळून बांधलेले, कानाजवळ पांढरे. चेहरा भरला होता, डोळ्यांखाली सूज होती, जाड काचांचा चष्मा होता. ती विशीतली मुलगी नव्हती आणि ती चिनीमातीची बाईही नव्हती. कासिल्दाने मोबाइल इलारियाच्या हातात दिला.

इलारिया बघत राहिली.

"जेवलीस का?" तिने शेवटी विचारलं.

"जेवले."

"चष्मा कधी लागला?"

"झाली काही वर्षं."

"बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं, आई?" सुल्माने चष्मा काढला, झग्याच्या टोकाला पुसला, परत लावला. "तू दर वेळी म्हणतेस, पोरगी माझी तिकडे सुखात आहे. मग कशाला दाखवू?"

इलारियाने नुसतं बोट पुढे करून पडद्यावरच्या चेहऱ्याला, बरोबर मध्यभागी, स्पर्श केला. तेवढ्याने फोन बंदच पडायचा; कासिल्दाने झटकन तिचं बोट बाजूला केलं.

"अहो, हात नका लावू, तुटेल! सुल्मा, ऐक. तिथे खिडकी आहे ना? डावा गाल खिडकीकडे करून उभी राहा. साधा कॅमेरा लाव. यंत्राने आपणहून काही गुळगुळीत केलं तर ते बंद कर. हसायचं तर हस, नाहीतर नको."

"मावशी, अंगावर कामाचा झगा आहे."

"कपडे मी बघते. चेहरा तेवढा तुझा पाठव."

फोटो आला. थोडा हललेला, पण खरा. कासिल्दाने मघाची विशीतली सुल्मा खोडली आणि तिच्या जागी ही उभी केली. नवरीच्या बहिणीची शाल उचलून, रंग बदलून तिच्या अंगावर घातली. उजेड या वेळी जवळपास जुळूनच आला होता. खिडकीचा तो उजेड भलत्याच देशातला होता, पण पडत होता डावीकडूनच.

"केस काळे करू का थोडे?" तिने विचारलं. अशा वेळी ती कधी विचारत नसे, करून मोकळी व्हायची.

"नको."

"चष्मा?"

"राहू दे. नाही तर तिला दिसणार कसं?" इलारियाने वाकून बारकाईने पाहिलं. "नाक आहे बघा. आहे तिथंच आहे."

कासिल्दाने छापायला बोट पुढे केलं, तेवढ्यात म्हातारी चाचरत म्हणाली, "कासेरा, एवढं केलंत. माझा हात तिच्या खांद्यावर ठेवता येईल?"

"आता हे काय नवीन? फोटोत तुमचे दोन्ही हात खाली आहेत. एकात फुलं, दुसऱ्यात ग्लास. हात काय मी झाडावरून तोडून आणू?"

"बरं, राहिलं."

ती लगेच 'राहिलं' म्हणाली म्हणूनच कासिल्दाला राग आला. भांडली असती तर बरं झालं असतं. मागे रांग कुरकुरत होती, ऊन ताडपत्रीखाली शिरलं होतं, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. चरफडतच तिने खुर्ची मागे ढकलली, मोबाइल प्रिंटरला टेकवून उभा केला, स्वतःची शाल खांद्यावर ओढली आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून इलारियाच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"या इकडे. डावीकडे तोंड करा. ठेवा हात."

"कुठं?"

"माझ्या खांद्यावर, आणखी कुठं? हाताचा फोटो काढते आणि तुमच्या लेकीला लावते. असा वरवर नको, पापडासारखा. दाब पडला पाहिजे, शालीला सुरकुती पडली पाहिजे, तरच खरा वाटतो."

इलारियाने हात ठेवला. पीठ चाळून चाळून खरखरीत झालेला, नखांत मक्याचा पिवळा कण अडकलेला, अपेक्षेपेक्षा जड हात. बोटं आधी बिचकली, मग शालीतून खांद्याचं हाड चाचपत नीट बसली.

मोबाइलने स्वतःच सेकंद मोजून फोटो काढला.

"झालं," कासिल्दा म्हणाली. पण इलारिया समोरच्या पडद्यावर उमटलेल्या आपल्या हाताकडे बघत होती, आणि तिने हात उचलला नाही. कासिल्दाही हलली नाही.

"दोन्या कासिल्दा!" रांगेतून हाक आली. "फोटो निघाला ना? आता आमचं बघा की!"

"थांबा रे जरा," ती म्हणाली, मागे वळून न बघता. "मेलं एवढी कसली घाई आहे तुम्हाला."