लोखंडाला फुटलेला पाझर

मंगळवार उजाडला की बेंबळीपासून नळदुर्गापर्यंतची माणसं त्या माळावर लोटत. पाणीपुरवठ्याची पाइपलाइन एका अंगानं माळ चढते आणि दुसऱ्या अंगानं गावात उतरते. अगदी माथ्यावर, सिमेंटच्या खड्ड्यात, दोन पाइपांचा सांधा: समोरासमोर दोन लोखंडी चकत्या, मध्ये रबर, भोवती बोल्ट. तीर्थानंद महाराज काठावर बसून चिमटा आपटत, "गंगामाय, लोखंड फोड," असं दरडावत आणि सांध्याखालून पाणी उसळे. बायाबापड्या त्यात दूध ओतत, महाराजांचे पाय त्यातच धुवत आणि तेच पाणी तांब्यात भरून घरी नेत. भक्ती एकदा डोक्यात चढली की पायाची घाण कुणाला दिसते?

गायत्रीला दिसत होती. ती त्याच पाणीयोजनेवर अभियंता. उन्हाळ्यात हा सांधा तिनंच आवळून घेतला होता. पुढं तिच्या आईनं, सिद्धम्मानं, गुडघेदुखीवर हे तीर्थ घेतलं आणि जुलाबानं दोन दिवसांत गेली. आईला माती दिली त्याच दिवशी महाराज दारात येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "लेकीनं गंगामायच्या गळ्याला पाना लावला. मायनं आई नेली."

त्याच लोकांसमोर या माणसाचं नाक मातीत घासायचं, एवढं गायत्रीनं तेव्हाच मनात पक्कं केलं.

या मंगळवारी पाणी उसळलं, खड्डा भरला, सांधा बुडाला. गायत्री पुढं झाली आणि तिनं कपड्यांना लावायची नीळ खड्ड्यात ओतली.

"पोरी, तीर्थ बाटवतीस व्हय?" शेजारच्या कमलबाई धावल्या.

"काकू, जरा थांबा." तिनं पंपावर बसवून ठेवलेल्या, तिच्या हाताखालच्या शिवप्रसादला फोन लावला. "पंप बंद कर."

उसळी थांबली. महाराजांनी चिमटा आपटला. गंगामाय ढिम्म. पुन्हा आपटला, डोळे फिरवले, अंगात आणलं.

"महाराज, दमू नका. माय पंपावरनं येते," गायत्री म्हणाली. "पंप चालवणारा बालाजी तुमचा चेला. पंप सुरू करायच्या आधी तो तुम्हाला मिस कॉल देतो. आज त्यानं शिवप्रसादसमोर सगळं कबूल केलंय."

तेवढ्यात कमलबाईंचं लक्ष खड्ड्याकडं गेलं. "अगं, पाणी खाली चाललंय की. कुठं जातंय?"

"तुमच्या घरी. पंप थांबला की पाइपातलं पाणी उतारानं गावाकडं पळतं आणि इथं माथ्यावर पाइप रिकामा पडतो. मग तो ढिल्या सांध्यातनं खड्ड्यातली सगळी घाण ओढून घेतो."

लोक उतारानं धावले. पहिला नळ महाराजांच्या मठाचा. तोटी सोडली, तर थोडं स्वच्छ पाणी येऊन मागून निळं पाणी आलं.

लोक पुन्हा माथ्यावर आले, तोवर खड्डा आटत आला होता. गायत्री त्यात उतरली. "आवळल्यावर म्या नट ते चकती अशी पांढरी रेघ ओढली होती. नट फिरला की रेघ तुटती. बघा." वरच्या रेघा सरळ होत्या. खालच्या सगळ्या तुटलेल्या, आणि ते नट बोटानं फिरत होते.

तिनं निळ्या पाण्याचा तांब्या महाराजांच्या तोंडाशी धरला. "माझ्या आईला पाजलंत ना? प्या."

महाराजांनी तोंड फिरवलं. एवढ्यात कुणीतरी मठातून बाटलीबंद पाण्याचं खोकं ओढून आणलं.

"आमाला पायाचं पाणी, आन् ह्याला बाटलीचं," कमलबाई ओरडल्या. चपला निघाल्या, दगड उचलले गेले.

गायत्री मध्ये आडवी आली. तिला दया आली नव्हती. दगड तिलाही उचलावासा वाटत होता.

"मारू नका. आज मेला तर उद्या ह्याची समाधी बांधाल. ह्याला कोर्टात उभा करायचाय, सगळ्यांच्या तोंडावर हे नट कुणी सोडले ते सांगायला लावायचंय. माझी आई कोपानं न्हाय, घाण पाण्यानं मेली. पुन्हा कुठं लोखंडातनं पाणी आलं, तर हात जोडू नका. कुठनं आलं ते आधी विचारा."