चालत्या काळजावरची पकड

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल, आणि जवळून पाहण्याची वेळ तुमच्या घरातल्या कुणावरही न येवो. मी एक जुनी पोलादी पकड आहे. माणसाचे हृदय धडधडत असताना त्याचा नखाएवढा भाग स्थिर धरून ठेवायचा, एवढेच माझे काम होते. तेवढ्या जागेवर सर्जन टाके घालत.

माझ्या टोकाला दोन बोटांचा पाय आहे. त्यामागे पोलादी मण्यांचा हात, मण्यांतून ओवलेली तार आणि शेवटी एक फिरकी. फिरकी सैल असली की मी हवी तशी वळते. ती पिळली की तार ताणते आणि माझा हात असेल तिथे ताठ होतो. ज्या कारागिराने मला जुळवले त्याने मला वजन लटकवून पाहिले आणि तो शेजाऱ्याला म्हणाला, "आता हत्ती लोंबकळला तरी हलायची नाही." माझ्यासोबत एक कागद होता. तार ठरावीक काळाने बदलावी, असे त्यावर लिहिले होते. तो कागद खोक्याबरोबर पहिल्याच दिवशी केरात गेला.

हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या की छातीतली किंवा पायातली दुसरी नळी जोडून रक्ताला नवी वाट करून देतात. पुष्कळदा त्यासाठी हृदय थांबवतात आणि तेवढा वेळ एक यंत्र रक्त फिरवते. पण काही हृदये फार थकलेली असतात. आमचे सर्जन म्हणत, "दमलेला बैल खाली बसला की उठेलच असं नाही. त्याला चालता ठेवूनच काम उरकायचं." अशा हृदयांसाठी मी होते.

अकरा वर्षे मी ते केले. कितीतरी थकलेली हृदये माझ्या दोन बोटांखाली धडधडली आणि घरी गेली. अवघड शस्त्रक्रिया पार पडली की सर्जन मला ट्रेमध्ये ठेवताना म्हणत, "आज लाज राखलीस गं बाई." बाहेरगावचे डॉक्टर माझे फोटो काढत. मी फुशारून जाई.

पण माझी खरी ओळख एकाच माणसाला होती. हत्यारे धुण्याच्या खोलीत एक बाई होत्या. हातात सदा ब्रश, म्हणून सगळे त्यांना ब्रशताई म्हणत. माझ्या मण्यामण्यातले रक्त त्या कोमट पाण्यात घासून काढत, सांध्यांना तेल देत आणि मग मला वाफेच्या भट्टीत पाठवत. त्याआधी फिरकी पिळून अंगठ्याने माझा हात दाबून पाहत. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते.

अकराव्या वर्षी त्यांच्या अंगठ्याखाली मी किंचित लवले. आत तारेचे केसासारखे पदर एकेक करून तुटत होते. मला ते कळत होते, पण मला तोंड कुठे होते?

ब्रशताई मोठ्या सिस्टरांकडे गेल्या. "हिची पकड सैल होतेय. दोनदा पिळावी लागते."

"मग दोनदा पिळा," मोठ्या सिस्टर कागदांवरून नजर न काढता म्हणाल्या.

महिन्याभराने ब्रशताईंनी मला खराब असल्याची खूण म्हणून पट्टी बांधून वेगळ्या फळीवर ठेवले आणि पुन्हा सांगितले. या वेळी उत्तर आले, "नवी मागवलीय हो. तोवर चालवून घ्या." त्याच सुमारास सर्जनच्या हातालाही माझा सैलपणा लागला होता. "जरा घट्ट धर," असे ते मदतनिसाला म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.

मग ती सकाळ आली. दोन खोल्यांत दोन शस्त्रक्रिया होत्या आणि आमच्याकडची एकमेव चांगली पकड दुसऱ्या खोलीत गेली होती. मोठ्या सिस्टरांनी मला फळीवरून उचलून पट्टी सोडली.

"ही नको," ब्रशताई म्हणाल्या.

"आज दुसरी आहे का? नाही ना? मग?"

ब्रशताईंनी मला त्यांच्या हातातून घेतले. त्यांनी मला नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतले.

टेबलावर एक बाई होती. तीस वर्षे तिने लाँड्रीत उभे राहून इस्त्री केली होती. निरोगी हृदय दर ठोक्याला आतले निम्म्याहून अधिक रक्त पुढे ढकलते. तिचे जेमतेम पाचवा हिस्सा ढकलत होते. दोन जिने चढायला तिला अर्धा तास लागे. तरी भूल देण्याआधी ती सर्जनला म्हणाली, "जगाच्या शर्टाच्या सुरकुत्या काढल्या मी. आता माझ्या काळजाच्या तुम्ही काढा."

"काढतो की," सर्जन हसले.

"आमचे हे पाण्याचे पंप दुरुस्त करतात. म्हणाले, चालता पंप उघडणारे डॉक्टर पहिल्यांदाच ऐकतोय."

सगळे हसले. मग ती झोपली.

पहिली नळी हृदयाच्या पुढच्या बाजूला जोडली. मी धरून राहिले. दुसरीही नीट झाली. तिसरी मागच्या बाजूला होती. त्यासाठी हृदय उचलून कलते करावे लागले आणि रक्तदाब उतरू लागला. भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, "साठवर आलाय. लवकर आटपा."

"पीळ," सर्जन मदतनिसाला म्हणाले. त्याने फिरकी पिळली. "अजून पीळ."

चौथ्या टाक्याला माझ्या आत काहीतरी तुटले. आवाज झाला नाही. माझा पाय अर्ध्या तांदळाएवढा सरकला. सुई त्या वेळी वाहिनीच्या भिंतीत होती. भिंत फाटली.

रक्ताने सगळे झाकले गेले. हृदयाचे ठोके विस्कटले आणि नुसती थरथर उरली. सर्जन ते हातात धरून दाबत राहिले, बाकीच्यांनी धावपळ करून यंत्र जोडले. फाटलेले शिवायला आणि हृदय पुन्हा चालते करायला दुपार उलटली. ते चालले, पण कसेबसे. चौथ्या दिवशी सकाळी थांबले.

सर्जन मला न्यायला स्वतः धुण्याच्या खोलीत आले. मागोमाग मोठ्या सिस्टर आल्या. "सर, हृदय मुळातच कमजोर होतं, एवढं सांगितलं तरी पुरे. खोटं नाही ते."

"खोटं नाही," सर्जन म्हणाले, "पण पुरतं खरंही नाही." त्यांनी मला खिशात घातले.

छोट्याशा खोलीत तिचा नवरा बसला होता. मांडीवर बायकोच्या चपलांची पिशवी होती. सर्जननी मला टेबलावर ठेवले आणि उभ्यानेच सांगितले, "टाका घालताना ही सटकली. त्यामुळे वाहिनी फाटली. त्या त्यातून सावरल्या नाहीत."

 मग त्याने मला उचलले. फिरकी पिळली, माझा हात अंगठ्याने दाबला. अगदी ब्रशताई दाबत तसाच.

"आतली तार तुटत आलीय. हे एका दिवसात होत नाही," तो म्हणाला. "कुणाच्या तरी हाताला लागलं असणार."

दारातून आवाज आला. ब्रशताई तिथे येऊन उभ्या होत्या. "मला लागलं होतं. दोनदा सांगितलं मी. त्या दिवशी अडून बसायला हवं होतं. नाही बसले."

"मलाही लागलं होतं," सर्जन म्हणाले.

त्याने दोघांकडे पाहिले. तो ओरडला असता तर बरे झाले असते. तो म्हणाला, "मीही घेतो चालवून कधीकधी. पण माझ्या पंपात पाणी असतं हो."

थोड्या वेळाने त्याने विचारले, "तिला कळलं का काही?"

"नाही. त्या जाग्या झाल्याच नाहीत."

त्याने मान हलवली. माझ्यावर उमटलेले आपल्या बोटांचे ठसे त्याने सदऱ्याच्या टोकाने पुसले, बहुतेक सवयीने, आणि मला टेबलावर ठेवून तो पिशवी घेऊन निघून गेला. पुन्हा कधी आला नाही.

चौकशी झाली. मोठ्या सिस्टरांची बदली झाली. सर्जन काही महिने शस्त्रक्रियेला उभे राहिले नाहीत. आता राहतात, पण प्रत्येक पकड आधी स्वतः दाबून पाहतात. धुण्याच्या खोलीत एक झाकणाचा डबा आला आहे. ब्रशताई ज्या हत्याराला त्यात टाकतील ते त्यांना विचारल्याशिवाय कुणी काढायचे नाही, असा नियम झाला. या सगळ्याने ती इस्त्रीवाली बाई परत आली नाही.

मी आता शिकवण्याच्या खोलीतल्या कपाटात असते. नव्या परिचारिका मला दाबून पाहतात आणि सैलपणा कसा लागतो ते शिकतात. कुणी माझे कौतुक करत नाही, आणि करू नये.

मित्रांनो, तुमच्याही घरात काहीतरी सैल झाले असेल. जिन्याचा कठडा, सायकलचा ब्रेक, गॅसची नळी. ज्याच्या हाताखालून ती वस्तू रोज जाते त्याला विचारा. तो सांगेल तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून ऐका. आणि ते तुम्हालाच कळले असेल, तर समोरचा कितीही घाईत असला तरी वाट अडवून उभे राहा.

चौकशीच्या वेळी एका कारागिराने मला उघडले होते. तार बदलायला किती वेळ लागला असता, असे त्याला विचारले.

"जेमतेम तासभर," तो म्हणाला.