सावली नसलेला मुलगा आणि मावशीची पेन्सिल

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे, आणि फार चांगली कादंबरी आहे असा माझा दावा नाही. माझ्या नावात चंद्र आहे, शाप आहे, आणि मुखपृष्ठावर एक मुलगी केस मोकळे सोडून धुक्यात उभी आहे. पोटातली गोष्ट थोडक्यात सांगते. एका मुलीच्या वर्गात नवा मुलगा येतो. दिसायला देखणा, हात गार, आणि उन्हात उभा राहिला तरी त्याची सावली पडत नाही. वय विचाराल तर तीनशे वर्षं. मुलगी त्याच्या प्रेमात पडते. ती झोपली की हा खिडकीबाहेर उभा राहून तिच्याकडे बघत राहतो. पुढचं तुम्ही ओळखलं असेलच.

माझा जन्म एका मोठ्या छापखान्यात झाला. कागद हलका होता, बांधणी मात्र बरी होती. वाचनालयात आले तेव्हा माझे फार लाड झाले. मुली माझ्यासाठी नंबर लावून बसायच्या. एकीने माझ्यावर डोळ्यांतलं पाणी सांडलं, दुसरीने चहा. मोठी माणसं मात्र नाक मुरडायची, आणि ग्रंथपाल बाई मला दोन बोटांत धरून कपाटात ठेवायच्या. पुढे माझ्यासारख्याच पण नव्या कोऱ्या कादंबऱ्या आल्या आणि मी मागच्या रांगेत गेले. कणा खिळखिळा झाला, त्यावर चिकटपट्टी बसली. विचारपूस थांबली याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

तिथून मला मिरीने बाहेर काढलं. मिरी हे तिचं घरातलं नाव. अंगाने एवढीशी आणि बोलायला तिखट, म्हणून मावशीने ठेवलेलं. नववीतल्या या मुलीने मला वाचलं, परत केलं, पुन्हा घरी आणलं. जेवताना मी तिच्या ताटाशेजारी उघडी असायची. एक दिवस तिच्या आईने मला तिथूनच उचललं. आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते, पण मुलीच्या डोळ्यांपेक्षा तिला मुलीच्या डोक्याची काळजी जास्त.

"हे असलं वाचून पोरगी तासन्‌तास खिडकीत बसते," आईने मला बहिणीच्या हातात कोंबलं. "तू वाच आणि मला सांग. वाईट असेल तर वाचनालयच बंद करते तिचं."

"मला कशाला मध्ये घालतेस?" मावशी म्हणाली.

"वाचायचाच पगार घेतेस ना तू?"

मिरी दारात उभी होती. तिने मावशीकडे एकदा बघितलं आणि आत निघून गेली. घरच्यांत मन मोकळं करायला तिला मावशीच होती. आता तीच न्यायाधीश झाली होती.

मावशी मुद्रितशोधक. छापून येणाऱ्या मजकुरातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. शाळेची पुस्तकं, औषधांची माहितीपत्रकं, वार्षिक अहवाल, सगळं तिच्या नजरेखालून जातं. दुसऱ्या दिवशी तिने मला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि ऑफिसच्या मधल्या सुट्टीत टेबलावर उघडलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय वाचताय ताई?" तर म्हणाली, "काही नाही हो, घरचंच काम आहे."

आणि मग ती चूक झाली. मावशीला हातात पेन्सिल घेतल्याशिवाय वाचताच येत नाही. आधी तिने एक ऱ्हस्व दीर्घ केला. मग तिला खटकलं की तीनशे वर्षांच्या माणसाला ही चिमुरडी खुशाल 'अरे' म्हणते. पेन्सिल चालू लागली. 'तू'चं 'तुम्ही' झालं, 'अरे'चं 'अहो' झालं, क्रियापदं बदलली. थोड्याच पानांत माझी नायिका "अहो, तुमच्याशिवाय मला करमत नाही" असं म्हणू लागली, जणू तिच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. मावशीच्या ते नंतर लक्षात आलं आणि ती एकटीच फिसकन हसली. तीनशे वर्षं जगून हा पुन्हा गणिताच्या तासाला कशाला बसतो, यावरही ती हसली.

पण बसमध्ये वाचता वाचता तिचा स्टॉप चुकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकला. प्रयोगशाळेत त्या दोघांची बोटं पहिल्यांदा एकमेकांना लागतात, त्या पानावर तिने चष्मा काढून पुसला. कॉलेजात तिच्याही वर्गात एक मुलगा होता. सावली होती त्याला, धाडस नव्हतं. तिला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

पुढच्याच प्रकरणात तिला राग आला. नायिकेने मैत्रिणीकडे जाऊ नये म्हणून तो मुलगा तिच्या सायकलची हवा सोडतो, आणि ती म्हणते, किती काळजी करतो माझी. पेन्सिल थबकली. वाक्य शुद्ध होतं, दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. मावशीने समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि त्याभोवती गोल केला. खिडकीच्या प्रसंगापाशी मागे जाऊन तिथेही तसंच केलं.

रविवारी ती घरी आली तेव्हा मला उघडून दाखवताना तिचा चेहरा पडला होता. वाचनालयाचं पुस्तक, आणि सगळं पेन्सिलीने भरलेलं. "मिरे, खोडरबर आण आणि मदत कर. त्या ग्रंथपाल बाई मला दारात उभं करायच्या नाहीत."

मिरी फुगून आली होती, पण 'अहो' वाचून तिचा फुगा फुटला. हसत हसत ती खोडू लागली आणि गोलापाशी थांबली.

"इथे काय चूक आहे?"

"चूक असती तर मी दुरुस्त केली असती. शंका असली की असा गोल करायचा आणि विचारायचं."

"कोणाला? लेखिका काय इथे बसलीय?"

"तुला विचारते. तुला काय वाटलं वाचताना?"

मिरी म्हणाली, "छान वाटलं. पण माझ्या सायकलची हवा कोणी सोडली ना, तर त्याचं काही खरं नाही. ती गोष्टीतली आहे मावशी, मला कळतं तेवढं."

मावशीच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि बहिणीला म्हणाली, "पुस्तक सुमार आहे. वाचू दे तिला."

"सुमार आहे तर वाचू दे कशाला?"

"मी दोनदा स्टॉप चुकले," मावशी म्हणाली. आईला हे काही पटलं नाही, पण निवाडा तिनेच बहिणीवर सोपवला होता.

मिरी खोडत खोडत शेवटच्या प्रकरणापर्यंत आली. तिथे पेन्सिलीची एकही खूण नव्हती. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा तसेच. त्या प्रकरणात नायिका आपली सावली टाकून त्याच्याबरोबर कायमची निघून जाते. मिरीने पान पुन्हा वाचलं, पेन्सिल उचलली आणि समासात गोल काढला.

"मावशी, हे राहिलं तुझ्याकडून. ही जाताना आईला सांगतसुद्धा नाही."

मावशीने वाचलं. "राहिलं खरं," ती म्हणाली. "मी रडत होते गं."

"कोण आईला सांगत नाही?" आई हात पुसत बाहेर आली. तिने मला घेतलं, ते पान उभ्या उभ्याच वाचलं आणि मुलीकडे बघितलं. मग खुर्ची ओढून बसली आणि पहिलं पान उघडून म्हणाली, "हा मुलगा कोण, ते मला नीट सांग." मिरी तिच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली आणि सांगू लागली.

मित्रांनो, माझी पानं दुमडू नका आणि माझ्यावर पेनाने लिहू नका. मोठ्या माणसांनाही माझी एक विनंती आहे. मुलांच्या हातातलं पुस्तक काढून घ्यावंसं वाटलं तर घ्या, पण ते शेवटपर्यंत वाचा. आणि परत देताना मुलांशेजारी बसून त्यांना काय वाटलं ते विचारा.