टूरच्या आचाऱ्याचा मसाल्याचा डबा

मी जुना आहे, पितळेचा आहे आणि सध्या आतून अगदी स्वच्छ आहे. मसाल्याच्या डब्याला स्वच्छ असण्यासारखं दुःख नाही, मित्रांनो. माझी हकीकत गोड नाही, पण शेवटपर्यंत ऐका.

तांबटाने मला ठोकून घडवलं, आत सात वाट्या बसवल्या आणि मी ललिताताईंच्या रुखवतात डिलाईल रोडच्या चाळीत आलो. त्यांचे यजमान जयवंत. गिरणी बंद पडल्यावर ते एका टूर कंपनीत आचारी म्हणून लागले. आपली माणसं देश बघायला निघतात, पण चौथ्या दिवशी त्यांना आमटीभात आठवतो. म्हणून आचारी सोबत जातो, आणि आचाऱ्यासोबत मी. निघण्याच्या आदल्या दिवशी ललिताताई लालबागच्या डंकावर मसाला कुटून आणत आणि देवापुढे ठेवून मगच माझ्यात भरत.

दिल्ली, जयपूर, अमृतसर, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता. सगळी मोठी शहरं मी पाहिली, म्हणजे त्यांच्या धर्मशाळांची मागची अंगणं पाहिली. गावाची ओळख मला नाकानेच झाली. अमृतसरला शेजारच्या तंदूरचा खरपूस वास, चेन्नईला सकाळी कढीपत्त्याची फोडणी, कोलकात्याला मोहरीच्या तेलाचा झणका. तिथल्या आचाऱ्यांना जयवंत चिमूटभर मालवणी मसाला देत आणि त्यांच्याकडचं काही घेत. माझ्या सातव्या वाटीत असा परमुलखाचा जिन्नस असे. भाषा कळत नसे, पण वाटी रिकामी राहिली नाही.

जयवंतांचा एक नेम होता. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवण चाखायचं नाही. मीठ, तिखट, आंबट सगळं ते वासावर ओळखत. "वास काय उष्टा होत नाही," असं त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं. वीस वर्षांत त्यांची आमटी कधी बिघडली नाही.

मग साथीच्या वर्षी त्यांना ताप आला. ताप उतरला. टूर पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी माझं झाकण उघडलं, नाक अगदी मसाल्याला टेकवलं आणि तसेच थांबले. पुन्हा वाकले. त्यांना कसलाच वास आला नव्हता. तेव्हापासून ते चमचे मोजून घालू लागले. कुणाला कळलं नाही. सांगणार होते, पण कंपनीने कबूल केलं होतं की कोलकात्याच्या टूरला ललिताताईंना एक सीट मिळेल. ताई जन्मात कुडाळच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. तेवढी एक टूर होऊ दे, मग सांगू, असं ते माझ्यावर झाकण घालताना पुटपुटत. दोन वर्षांनी ती टूर निघाली.

त्या टूरमध्ये गिरगावच्या उर्मिलाबाई होत्या, पंचाहत्तरीच्या. रोज स्वयंपाकघरात डोकावत.

"जयवंत, तुमच्या हातचं खाऊन घरी गेले की सुनेशी माझं भांडण होतं."

"मग पुढच्या वेळी सुनेला आणा."

"तिलाच आणायचं तर मी कशाला येऊ?"

कोलकात्यात उकाडा फार होता. काळ्या वाटाण्याच्या आमटीसाठी ओल्या नारळाचं वाटण जयवंतांनी रात्रीच करून फ्रिजमध्ये ठेवलं. पहाटेपर्यंत वीज नव्हती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी ताई सगळ्यांबरोबर शहर बघायला गेल्या. जयवंतांनीच त्यांना पाठवलं होतं. एकट्यानेच त्यांनी आमटी केली. अंदाज येईना म्हणून कोकम दोन मुठी घातलं आणि माझ्यातला मसाला भरभरून ओतला. मित्रांनो, त्या नारळाचा आंबूस वास मीच झाकला. मग त्यांनी हात जोडून नैवेद्य दाखवला आणि पानं वाढायला घेतली.

मंडळी परतून पंगतीला बसली होती, जेवणं निम्मी झाली होती. ताई सगळ्यांच्या मागून लगबगीने स्वयंपाकघरात आल्या. "अहो, केवढा मोठा तो पूल, आणि खाली गंगा. मी हात जोडले तर शेजारची बंगाली बाई..." बोलता बोलता त्या थांबल्या. वाटणाच्या रिकाम्या भांड्याशी वाकल्या.

"हे आंबलंय."

"काय गो?"

"तुम्हाला वास येत नाही?"

जयवंतांनी हातातला आमटीचा डाव खाली ठेवला. "नाय येत," ते म्हणाले. "तापापासून माका काय्येक येत नाय."

ताई पंगतीकडे धावल्या. पण उर्मिलाबाई दुसऱ्यांदा आमटी घेऊन, आंबट छान झालीय म्हणून, वाटी पुसत होत्या.

संध्याकाळी अकरा जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. दहा उठले. उर्मिलाबाई तिसऱ्या दिवशी गेल्या.

त्यांचा मुलगा विनीत मुंबईहून आला होता. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आवाज चढवला नाही. "तुम्ही चाखून बघितलं नाहीत?"

"नैवेद्याआधी चाखत नाही."

"आणि वास?"

जयवंत काही बोलण्याआधी ताई पुढे झाल्या. "वाटण माझं होतं, दादा. माझी चूक."

"तिचं नव्हतं," जयवंत म्हणाले. "ती इथे नव्हतीच. मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. मी लपवलं."

विनीतने ओट्यावरचं माझं झाकण उचललं आणि परत ठेवलं. "आई फोनवर सांगायची, आचारी मायेचा आहे," तो म्हणाला आणि निघून गेला.

परतल्यावर ताईंनी मला चिंचेने घासलं, उन्हात ठेवलं आणि मोरीवरच्या फळीवर पालथं घातलं. त्या रोज देवापुढे बसतात. माणूस गेलं याचं दुःख आहेच. पण देवापुढेही आपण आंबलेलंच ठेवलं, हे त्यांच्या मनातून जात नाही. जयवंत दिवसभर गॅलरीत बसतात. चूल पेटवत नाहीत.

मित्रांनो, नेमाला मी दोष देत नाही. नेम देवासाठी होता, लपवणं भीतीपोटी होतं, आणि दोन्ही एकाच हाताने झालं. तुमच्या घरी कुणाचं नाक, कान, डोळे थकत असतील. ते स्वतःहून सांगणार नाहीत, कारण सांगितलं की हातातलं काम जातं. म्हणून तुम्ही जवळ बसा आणि विचारा, 'वास येतो का, नीट दिसतं का?' 'नाही' म्हणताना त्यांना लाज वाटू नये, इतक्या हळू विचारा. आणि ते 'नाही' म्हणाले, तर त्यांच्या हातातला डाव काढून घेऊ नका. शेजारी उभे राहा, आणि वास तुम्ही घ्या.